परागणापासून बीपर्यंत: जास्वंद की भेंडी?

बडोद्यात मराठी घराच्या अंगणात जास्वंद असतेच, गणपतीला लाल फूल हवे ना. त्यामुळे मुलांना फुलाचे भाग दाखवायचे म्हटले की हात आधी तिच्याकडे जातो. तेवढ्यापुरती तिला तोडही नाही. फक्त फूल एकेरी घ्या. डबल जास्वंदीत बरेच पुंकेसर (पराग देणारे नर भाग) पाकळ्या होऊन बसलेले असतात. ब्लेडने उभा छेद घेतला की पुंकेसरांची नळी, तिच्या आतून गेलेला कुक्षीवृंत (मादी भागाची दांडी), टोकाच्या पाच मखमली कुक्षी, जिथे पराग चिकटतात, आणि तळाशी अंडाशयातली पांढरी बीजांडे, ज्यांचे पुढे बी होते, सगळे नुसत्या डोळ्यांनी दिसते.

अडचण पुढे येते. एक-दोन दिवसांत फूल मिटते, पिळले जाते आणि देठासकट गळते. मागे काही उरत नाही. बागेतल्या जास्वंदी बहुतेक संकरित आणि फांदी लावून वाढवलेल्या, त्यांना सहसा फळ धरत नाही. शिवाय कुक्षी परागकोशांच्या, म्हणजे परागांच्या पिशव्यांच्या, पुढे निघालेल्या असतात. हाताने पराग लावूनही बहुधा निराशाच. म्हणजे परागण झाडावर शिकवायचे आणि फळ, बी मात्र फळ्यावर काढून दाखवायचे. ‘मग बी कुठाय?’ या प्रश्नाला जास्वंदीकडे उत्तर नाही, आणि माझे मत तिथेच फिरले.

भेंडी त्याच कुळातली. फूल फिकट पिवळे, आत गर्द जांभळा डाग. सकाळी उमलते, दुपारनंतर मिटते. परागकोश थेट कुक्षीपर्यंत दाटलेले, म्हणून स्वपरागण सहज होते. पाकळ्या गळल्यावर अंडाशय रोज वाढताना दिसतो. पाच-सात दिवसांत भाजीजोगी भेंडी. ती आडवी चिरा: पाच कप्पे, प्रत्येकात बी. एक भेंडी झाडावरच वाळू द्या, महिना-सव्वा महिन्यात बी हातात येते. ते रात्रभर भिजवून साल काढले की घड्या घातलेली दोन बीजपत्रे (बीमधली पहिली पाने) दिसतात.

परागण झालेच नाही तर काय, हेही भेंडीवर दाखवता येते. उद्या उमलणारी कळी आज दुपारी निवडा. तळाशी हलका काप घेऊन पाकळ्यांची टोपी काढा, चिमट्याने सगळे परागकोश खरवडा आणि बटर पेपरची पिशवी बांधा. अशा दोन कळ्या करा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान एकीवर दुसऱ्या फुलाचे पराग लावून पिशवी परत बांधा, दुसरी तशीच ठेवा. दुसरी काही दिवसांत गळते. फसते ते बहुतेक उशिरामुळे: उमललेल्या फुलात परागण आधीच होऊन गेलेले असते. ब्लेड खोल गेले तर कुक्षीवृंतही तुटतो.

भेंडीचा त्रास नाही असे नाही. लव खाजते, पांढऱ्या माशीमुळे पाने पिवळ्या शिरांची होतात. पेरणीपासून फुलापर्यंत ४०–५० दिवस लागतात, शिवाय बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडून चढला की कळ्या गळतात. घाईचा तास असेल तर जास्वंदच बरी. नाहीतर जूनमध्ये बारा इंची कुंडीत दोन बिया लावा.

परागनलिका, म्हणजे परागकणातून फुटणारी नळी, मात्र दोघींवर दाखवायला जाऊ नका. त्यासाठी सदाफुली: फुलाची नळी चिरा, तोंडाशीच असलेले परागकोश १० टक्के साखरपाण्याच्या थेंबात झटका, वर काच ठेवू नका. पंधरा ते तीस मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या फुटलेल्या दिसतात.