नेटवर्किंगचं 'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट' : आमच्या शाळेत काय घडलं

मी शाळेत संगणक शिकवते. एका खासगी प्रशिक्षण संस्थेची माणसं आमच्याकडे आली आणि म्हणाली, "परीक्षा फीसकट सीसीएनए, सर्टिफिकेट आंतरराष्ट्रीय." सीसीएनए म्हणजे सिस्को या नेटवर्किंग कंपनीचं सर्टिफिकेशन. पालकसभेत त्या संस्थेची बाजू मीच मांडली. म्हणून हे लिहिणंही माझ्याच वाट्याचं आहे.

शिकवणं वाईट नव्हतं. सबनेटिंगची, म्हणजे एका नेटवर्कचे लहान भाग पाडण्याची, गणितं सोडवताना मुलं घंटा झाली तरी उठत नसत, आणि त्यामुळेच मी निर्धास्त राहिले. पण फ्रेम रिले या नेटवर्क जोडण्याच्या जुन्या तंत्रावर तासच्या तास गेले, तेव्हा मला शंका यायला हवी होती. 200-301 ही सीसीएनएची परीक्षा 24 फेब्रुवारी 2020 पासून सुरू आहे. तिच्यात फ्रेम रिले नाही. ऑटोमेशन, एपीआय (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याची सोय), जेसन (माहिती लिहिण्याची एक पद्धत) आहे. मुलांच्या हातात त्याआधीच्या नोट्स होत्या. पॅकेट ट्रेसरसाठी, म्हणजे संगणकावरच नेटवर्क जोडून सराव करायच्या सिस्कोच्या सॉफ्टवेअरसाठी, वेगळी 'सॉफ्टवेअर फी' घेतली, तीही आम्ही भरली. सिस्को नेटवर्किंग अकॅडमी या सिस्कोच्याच शिकवणी कार्यक्रमात नाव नोंदवलं की ते फुकट मिळतं.

परीक्षा आमच्याच लॅबमध्ये झाली. तासाभराची, त्यांच्याच लॅपटॉपवरून. सगळे पास.

खरी परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होते, 120 मिनिटांची. तिची फी सुमारे 300 अमेरिकी डॉलर आहे. ओळखपत्र दाखवावं लागतं आणि 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. आमच्या एकाही पालकाकडे कुणी सही मागितली नाही, आणि का मागितली नाही हे मीही विचारलं नाही. ते अजून सलतं.

पुढे एका विद्यार्थ्याने हे सर्टिफिकेट अर्जाला जोडलं. मुलाखतीत त्याला पडताळणी क्रमांक विचारला. तो माझ्याकडे आला, "मॅडम, हा नंबर कुठेच सापडत नाही." सापडणार कसा? तो संस्थेचा हजेरी क्रमांक होता. फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "आम्ही कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट देऊ म्हणालो होतो." वर खऱ्या परीक्षेसाठी 'आलेल्या प्रश्नांची' पीडीएफ देऊ केली. अशा चोरीच्या प्रश्नांवर कुणी पास झालं, तर निकाल रद्द होतो आणि परीक्षेला बंदीही येऊ शकते. मुलांना त्या खड्ड्यात ढकलायलाही ते तयार होते.

कोर्स पूर्ण केल्याचा कागद वेगळा आणि सर्टिफिकेशन वेगळं. अकॅडमीचा खरा कोर्स केला तरी सीसीएनए आपोआप मिळत नाही, परीक्षा स्वतंत्रच द्यावी लागते. तेव्हा शाळेने पैसे देण्याआधी एवढं लेखी घ्यावं: परीक्षेचा क्रमांक कोणता, ती घेणार कोण, आणि व्हाउचर, म्हणजे परीक्षा फी भरल्याचा कोड, कोणत्या तारखेला मुलाच्या हातात पडणार. अकॅडमी असल्याचा दावा असेल तर सिस्कोच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव स्वतः शोधावं. त्यांच्या माहितीपत्रकावरच्या लोगोवर जाऊ नये, मी तेच केलं होतं.

पैसे परत मागणारं पत्र शाळेने दिलंय, उत्तर आलेलं नाही. त्या विद्यार्थ्याने अकॅडमीवर नाव नोंदवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे. शाळा सुटल्यावर तो लॅबमध्ये येतो, आणि मी त्याच्याबरोबर बसते.