उंदरांचं जर्नल की हंसांचं?

प्राण्यांच्या वागण्यावरची दोन जुनी जर्नल्स, पण घराणी पार वेगळी. अमेरिकेतलं 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह सायकॉलॉजी' १९२१ चं, नावात तुलना, पण १९५० साली मानसशास्त्रज्ञ फ्रँक बीचनं जुने अंक चाळून हिशोब मांडला तर जिकडेतिकडे पांढरा उंदीरच, मग कसली डोंबलाची तुलना! जर्मन 'त्साइटश्रिफ्ट फ्युर टियरप्सिकोलोगी' (म्हणजे प्राणी-मानसशास्त्राचं नियतकालिक) १९३७ ला निघालं, आणि त्यातच १९३८ चा लोरेन्झ-टिनबर्गन या प्राणिवर्तन अभ्यासकांचा तो गाजलेला पेपर, म्हणजे हंसाची मादी घरट्याबाहेर गेलेलं अंडं चोचीनं आत ओढतेय, मधेच अंडं काढून घेतलं तरी बाईंची मान ओढतच राहते, भारी ना. नावं दोघांनीही बदलली, पहिल्यात १९४७ ला 'फिजिऑलॉजिकल' (शरीरक्रियेचं) घुसलं ते १९८३ ला वेगळं निघालं, दुसरं १९८६ पासून नुसतं 'इथॉलॉजी', म्हणजे प्राणिवर्तनशास्त्र. मला विचाराल तर हंसवालंच.