कर्णनादावरच्या गोळ्या: कोणती कशावर चालते, कोणती अंगाशी येते

कानातला आवाज (कर्णनाद) बंद करणारी गोळी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आजवर आलेलं नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सहा महिन्यांहून जुन्या, त्रासदायक कर्णनादासाठी नैराश्यावरची, फिट्सवरची आणि चिंतेवरची औषधं सरसकट देऊ नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तरी तपासणी संपल्यावर हातात पडणाऱ्या चिठ्ठीवर यांतलं एखादं औषध असतंच, आणि दर वेळी ते चुकीचंच असतं असंही नाही. आवाजाने झोप उडाली असेल, मन खचलं असेल, तर त्या झोपेवर आणि मनावर औषध चालतं. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारावा: ही गोळी आवाजासाठी, झोपेसाठी की मनासाठी? "आवाजासाठी" असं उत्तर आलं तर घेण्यापूर्वी आणखी नीट चौकशी करावी.

ही तुलना कोणासाठी नाही

एका कानाचं ऐकणं अचानक, दोन-तीन दिवसांत कमी झालं आणि सोबत आवाज सुरू झाला, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम (श्रवणाची चाचणी) करून घ्या. अशा वेळी स्टेरॉइड देतात, साधारण वजनाच्या किलोमागे 1 मिग्रॅ प्रेडनिसोलोन, दिवसाला जास्तीत जास्त 60 मिग्रॅ. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलं तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता अधिक. मधुमेह असेल तर साखर चढते, त्यामुळे कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शन देण्याचा पर्याय विचारा. मळ असेल म्हणून कोमट तेल घालण्यात नेमके हेच दिवस वाया जातात.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा एकाच कानात असेल, तर गोळीआधी स्कॅन. आणि घरातली औषधंही तपासा: जास्त मात्रेतली अ‍ॅस्पिरिन, वेदनाशामकं, फ्युरोसेमाइड, क्विनाइन, अमिकासिन किंवा जेंटामायसिनची इंजेक्शनं. यांतलं काही कारण ठरलं तर नवी गोळी कशाला? मात्र बंद करायचं ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

क्लोनाझेपाम की अमिट्रिप्टिलिन?

खरी निवड बहुतेकदा या दोन रात्रीच्या गोळ्यांत असते: पहिली चिंतेवरच्या, झोप आणणाऱ्या गटातली (बेंझोडायझेपिन), दुसरी नैराश्यावरची.

क्लोनाझेपामचा गुण पहिल्याच रात्री दिसतो. 0.25 किंवा 0.5 मिग्रॅ घेतली की तासाभरात अंग सैल पडतं, आवाज असूनही त्याची धास्ती ओसरते. तीच तिची अडचण. काही आठवडे रोज घेतली की शरीर सरावतं, तेवढ्याच मात्रेत तेवढी झोप लागत नाही. बंद केल्यावर तर काहींना कानातला आवाज पूर्वीपेक्षा मोठा वाटतो, कारण या गटातली औषधं सोडताना कर्णनाद होणं हे माहीत असलेलं लक्षण आहे. रुग्णाला वाटतं, "बघा, गोळीनेच दाबून ठेवलं होतं," आणि तो पुन्हा सुरू करतो. औषध शरीरात दीर्घकाळ राहतं, अर्धं उतरायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतं. साहजिकच म्हाताऱ्या माणसांत सकाळी तोल जाणं, पडून खुब्याचं हाड मोडणं, विसराळूपणा हे धोके मोठे. दारू किंवा ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकाबरोबर श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) 2020 मध्ये या सगळ्या गटावरचा सर्वांत कडक इशारा वाढवून त्यात व्यसन, शारीरिक अवलंबित्व आणि सोडतानाचे परिणाम घातले.

सोडण्याचं गणितही आधीच समजून घ्यावं. रोजची 0.5 मिग्रॅ असेल आणि प्रत्येक टप्प्याला 0.125 कमी करायचं ठरवलं, तर पहिल्या टप्प्यात मात्रा पावपट घटते, तिसऱ्यात निम्मी आणि शेवटच्यात पूर्ण. आकडा तोच, झटका मात्र वाढत जातो. शेवटी लोक अडकतात ते यामुळे. कित्येक महिने घेणाऱ्यांनी दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या 5 ते 10 टक्के एवढीच घट करावी, तीही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळापत्रकाने. एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते.

अमिट्रिप्टिलिन हळू चालते. 10 मिग्रॅ, झोपण्याआधी दोन तास घ्यावी. अगदी अंथरुणात शिरताना घेतली तर सकाळी अकरापर्यंत डोकं जड राहतं. झोपेवर परिणाम काही दिवसांत दिसतो. नैराश्यासाठी ही मात्रा पुरत नाही. त्यासाठी ती टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते आणि चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. तिच्याच घरातल्या नॉरट्रिप्टिलिनवर 1993 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र कर्णनादासोबत नैराश्य असलेल्या रुग्णांना तिचा फायदा झाला. नैराश्य नसलेल्यांना तसा फायदा होईल असं धरून चालू नये.

तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ हे जवळपास प्रत्येकाला थोडंफार होतं. वजनही वाढतं. मात्र प्रोस्टेटमुळे लघवी अडकत असेल, अरुंद कोनाचा काचबिंदू असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल, तर ही गोळी टाळावी किंवा आधी ईसीजी काढावा. पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला असेल तर ते सांगायला विसरू नका. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर अमिट्रिप्टिलिनची रक्तातली पातळी चढते. क्वचित कुणाचा आवाज तिनेच वाढतोही.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायची. अमिट्रिप्टिलिनचा अतिडोस जीवघेणा असतो. तीव्र कर्णनादात आत्महत्येचे विचार येतात, त्यावर बोलायला संकोच करू नये. तसे विचार असतील तर मोठा साठा घरात ठेवू नका, एका वेळी आठवड्यापुरतीच गोळी आणा, मानसोपचार तज्ज्ञांना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

दोघींत निवडायचं तर: दहा-पंधरा दिवसांचं संकट पार करायचं असेल, वय कमी असेल आणि बंद करण्याची तारीख चिठ्ठीवरच लिहिलेली असेल, तर क्लोनाझेपाम. महिनोन्‌महिने झोप आणि मन दोन्ही बिघडलेलं असेल तर अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन. सत्तरीपुढे दोन्ही जपून.

आपल्याकडे आणखी एक खोडा आहे, तो म्हणजे मिश्र गोळ्या. नैराश्यावरचं एसिटालोप्राम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5 एकाच गोळीत येतात. अमिट्रिप्टिलिनबरोबर क्लोनाझेपामच्याच गटातलं क्लोरडायझेपॉक्साइड येतं. रुग्णाला वाटतं, आपण "डिप्रेशनची गोळी" घेतोय. प्रत्यक्षात तो रोज झोपेचं औषधही घेत असतो, आणि एक चालू ठेवून दुसरं कमी करणं त्याला शक्य होत नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेली नावं वाचा, आणि दोन औषधं सुटी लिहून मागा.

बाकीच्या

बीटाहिस्टिन सर्वांत जास्त लिहिली जाते. चक्कर, मेनिएरचा (आतल्या कानाचा) आजार यांसाठी ती देतात. नुसत्या कर्णनादासाठी देऊ नये, असं ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेने 2020 मध्ये सांगितलं. अपाय थोडा, आम्लपित्त आणि डोकेदुखी. अल्सर किंवा दमा असेल तर जपून. खर्च मात्र महिन्यामागून महिने चालतो.

गिंको वनस्पतीजन्य म्हणून निरुपद्रवी समजलं जातं. ब्रिटनमध्ये 1,100 हून अधिक लोकांवर बारा आठवडे, दिवसातून तीनदा 50 मिग्रॅ देऊन पाहिलं. औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीपेक्षा काही फरक पडला नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका आहे, तेव्हा हृदयरुग्णांनी ते घेऊच नये. बी-12 आणि झिंक रक्ततपासणीत कमी निघाले तर जरूर घ्यावेत, ते कमतरतेसाठी. फिट्सवरच्या गॅबापेन्टिनने आवाज कमी होत नाही. घोटे सुजतात, पेंग येते, मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा घटवावी लागते.

कार्बामाझेपिन हेही फिट्सवरचं औषध, पण त्याचं प्रकरण निराळं. एकाच कानात टकटक, तुटक, टाइपरायटर चालल्यासारखा आवाज येत असेल, तर श्रवणाच्या नसेवर रक्तवाहिनी टेकत असण्याची शक्यता असते. अशा थोड्या रुग्णांत कमी मात्रेची ही गोळी आवाजच थांबवते. गुण यायचा तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच कळतो. सलग शिटीवर तिचा उपयोग नाही. धोके मात्र गंभीर: सोडियम उतरतं, रक्तपेशी घटू शकतात, आणि क्वचित त्वचा सोलवटणारी जीवघेणी प्रतिक्रिया येते. एचएलए-बी 1502 हा जनुकीय प्रकार असलेल्यांत ती जास्त दिसते, चाचणी आधी करता येते. पुरळ किंवा तोंडात फोड आले, तर गोळी बंद आणि थेट रुग्णालय.

गोळीऐवजी, किंवा गोळीसोबत

वर्तनोपचाराच्या (आवाजाबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या) बाजूने या सगळ्या औषधांपेक्षा भक्कम पुरावा आहे. तो आवाज कमी करत नाही, आवाजाचा जाच कमी करतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने दोन्ही गोष्टींना हात लागतो, कारण बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला मागे पडतो. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण तपासून यंत्र बसवून मिळतं. अडचण एवढीच की वर्तनोपचाराला आठवडे लागतात आणि जाणकार माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही. तेवढ्या काळासाठी पूल म्हणून गोळी घेण्यात गैर काही नाही.

सुरू केलीच तर

सुरू करण्याच्या आदल्या दिवशी टीएचआय ही कर्णनादाचा त्रास मोजणारी 25 प्रश्नांची प्रश्नावली भरून ठेवा. गुण 0 ते 100, 58 च्या पुढे त्रास तीव्र समजतात. रोज वहीत तीन आकडे लिहा: आवाज किती मोठा (10 पैकी), जाच किती (10 पैकी), झोप किती तास. आवाज आणि जाच वेगळे लिहायचे, कारण गोळीने दुसरा उतरून पहिला तसाच राहतो हेच जास्त वेळा घडतं. एका वेळी एकच बदल करा. सहा आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरा. निदान सात गुणांनी उतार नसेल आणि झोपही सुधारली नसेल, तर मात्रा वाढवत न्यायची नाही, ती कशी उतरवायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. उतार असेल तरी तीन-चार महिन्यांनी कमी करून पाहायचं. माणूस सर्वांत वाईट आठवड्यात गोळी सुरू करतो, आणि त्यानंतरची बरीचशी सुधारणा कान-मेंदूने आवाजाशी जुळवून घेतल्याची असते. गोळीचा वाटा किती, ते ती उतरवल्यावरच कळतं.