टॅपेट कव्हरच्या चार रिंगा: साध्या घ्याव्यात की जिन्युइन? दहा महिन्यांचा अनुभव

मागच्या मे महिन्यात जळगावच्या एका मोठ्या वर्कशॉपने मला ३८,००० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं. "प्लगवर तेल आलंय सर, रिंग-पिस्टन गेले. इंजिन खोलावं लागेल." गाडी २००७ ची. विकायला काढली तर त्याच्या तिप्पटसुद्धा कोणी देणार नाही. कागद घडी करून खिशात ठेवला, वरचे ४५० रुपये 'चेकिंग'चे भरले आणि अमळनेरला परत आलो. त्या ४५० चा राग अजून आहे, तो या लेखात मधूनमधून दिसेल.

गाडीचं नाव लिहीत नाही. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ठिणगीचे प्लग हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, मधोमध खोल विहिरीत (नळीसारख्या खड्ड्यात) बसलेले आणि वरून त्यांना वीज देणारी हाय टेन्शन वायर, अशा ठेवणीच्या कुठल्याही जुन्या पेट्रोल गाडीला विहिरीत तेल उतरायचं हे दुखणं होऊ शकतं. ज्याच्याकडे आहे त्याला कळेलच.

सुरुवात कन्नडच्या घाटात झाली. चाळीसगाव सोडलं, घाट लागला, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके द्यायला लागली. मिसिंग, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकत होती. एसी बंद केला, काचा खाली, बाहेर भट्टी. मागे जीपवाला हॉर्नवरून हात काढेना. सपाटीला लागलो की गाडी पुन्हा शहाणी. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून मी दोन आठवडे तसाच फिरलो, ही माझी चूक.

शेवटी धुळे रोडवरच्या आमच्या नेहमीच्या मिस्तरीकडे गेलो. त्याने बॉनेट उघडून दोन नंबरची प्लग कॅप, म्हणजे वायरचं रबरी टोक, वर ओढली तर 'पचक्' असा आवाज आला. कॅपचं रबर तेल पिऊन जुन्या लोणच्यातल्या फोडीसारखं मऊ झालेलं. विहिरीत बॅटरी मारली तर तळाशी काळं तेल चमकत होतं, अर्धा प्लग बुडालेला. त्याने आधी प्लगला हात लावलाच नाही. इंजेक्शनच्या सिरिंजला सलाइनची नळी जोडून तेल ओढून घेतलं, स्क्रू ड्रायव्हरला सुती धाग्यांचं वेस्ट गुंडाळून विहीर पुसली, मग हवा मारली. प्लग आधी खोलला असता तर ते सगळं तेल सिलिंडरमध्ये उतरलं असतं आणि गाडीने धूर काढला असता. वर्कशॉपमध्ये नेमकं हेच केलं होतं. धूर दाखवून "बघा" म्हणाले होते.

प्लग निघाला तेव्हा त्याने तो माझ्या हातात दिला. "देखा ना सर, इंजिनले काही व्हयेल नही. रब्बर मरी गयं, रब्बर." प्लगचं वरचं पांढरं चिनी मातीचं अंग आणि षटकोन तेलाने माखलेले, पण खालचं टोक, जे सिलिंडरच्या आत असतं ते, कोरडं आणि विटकरी. रिंग-पिस्टन गेले असते तर टोकच ओलं आणि काळं झालं असतं. तेल खालून चढत नव्हतं, वरून उतरत होतं. आतला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, सतत तेल उडवतो. प्लगच्या चार नळ्या टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाला, जिथे टेकतात तिथे चार रबरी रिंगा असतात (रिंग-पिस्टनमधल्या रिंगा वेगळ्या). त्या कडक झाल्या की तेल विहिरीत झिरपतं, आणि ठिणगी प्लगच्या टोकावर पडायची सोडून तेलकट कॅपमधून बाजूच्या हेडवर उडी मारते. घाटात लोड आला की हे जास्त होतं, म्हणून सपाटीवर गाडी शहाणी.

कव्हर काढून त्याने जुनी रिंग पान्याच्या टोकाने उचकटली. काचेची बांगडी फुटावी तशी कडकन तीन तुकडे. अठरा वर्षांचं रबर, त्यातली बरीचशी आपल्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यांत उकडलेली.

आता मुद्द्याचं. दुकानात दोन प्रकार मिळाले. साधी रिंग ३५ रुपयांना एक, जिन्युइन, म्हणजे गाडीच्या कंपनीची, १६५ ला. कव्हरचं पॅकिंग (कव्हरच्या कडेखाली बसणारी रबरी पट्टी) साधं २८०, जिन्युइन ९५०. पॅकिंगच्या पाकिटात चार रिंगा येतील असं मला वाटलं होतं. माझ्या गाडीला दोन्हीपैकी एकाही पाकिटात त्या नव्हत्या, वेगळ्या घ्याव्या लागल्या. मी अर्थातच साध्या घेतल्या. मजुरी ४०० धरून ८२० रुपयांत काम झालं आणि ३८,००० वाचले म्हणून मी घरी येताना अर्धा किलो जिलेबी आणली. प्लग तेच ठेवले, घासून, गॅप १.१ मिलिमीटर बघून. वायर पेट्रोलने पुसून परत लावल्या. आठवड्यातच मिसिंग परत आलं, कारण तेल प्यालेलं रबर पुसून सुधारत नाही. नवा वायर सेट १,४०० चा. त्यानंतर गाडी झकास. मे-जूनमध्ये मी हा अनुभव लिहिला असता तर "साध्या रिंगा घ्या, डोळे झाकून" असं लिहिलं असतं.

याच काळात मी एक गोष्ट विकत घेतली तिच्यावर दोन शब्द जास्तच लिहिणार आहे: सोळाची प्लग गोटी, म्हणजे प्लग खोलायचा नळीसारखा पाना, १८० रुपये. दर रविवारी प्लग तपासायचा छंद लागला होता. या गोटीच्या आत प्लग धरून ठेवायला रबराची बाही असते. तिसऱ्या रविवारी गोटी वर आली, प्लग घट्ट बसलेला, आणि बाही प्लगच्या डोक्यावर टोपीसारखी खाली विहिरीतच राहिली! मी सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत ती बाही काढत होतो. चिमटा पोचत नाही, सायकलची तार फिरते, बोट अर्ध्यात अडकतं. शेवटी बायकोचा क्रोशाचा सुवा कामी आला. बाहीलाही थोडं तेल लागलं होतं, ती फुगून सैल झाली होती. म्हणजे तेलाने माझ्या घरातलं एकेक रबर खायला घेतलं होतं. मग ३२० ची चुंबकाची गोटी घेतली. चुंबक तेल पीत नाही.

बायको म्हणाली, "अहो, कुकरची रिंग तुम्ही दर दोन वर्षांनी न कुरकुरता आणता. गाडीच्या रिंगा अठरा वर्षांनी बदलल्या तर एवढं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सप्टेंबरमध्ये दोन आणि तीन नंबरच्या विहिरीत परत तेल. चारच महिन्यांत! मी साध्या रिंगांना, दुकानदाराला आणि मनातल्या मनात मिस्तरीलाही शिव्या घातल्या. मागच्या वेळी त्याच्या पोऱ्याने कव्हरचे बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने आवळले होते, ते मी पाहिलं होतं. हे बोल्ट जेमतेम ८-१० न्यूटन-मीटरचे, म्हणजे लहान टी-पान्याने मनगटाच्या जोरावर, मधून बाहेर असे आडवे-उभे आवळायचे. जास्त दाबलं की पॅकिंग चेंगरतं आणि कव्हर वाकतं. आमचे लोक "घट्ट म्हणजे चांगलं" समजतात. कडेच्या दोन कोपऱ्यांवर सिलिकॉनचा ठिपका पुरतो, तिथे पोऱ्याने सगळीकडे गंधासारखं फासलं होतं. आत सांडलेला तुकडा तेलाच्या जाळीत जाऊन बसला तर खरंच इंजिन खोलावं लागू शकतं.

पण मिस्तरीने या वेळी कव्हर खोलायच्या आधी कडेचा पीसीव्ही व्हॉल्व्ह उपटला आणि माझ्या कानाशी हलवला. "ऐका." काहीच ऐकू आलं नाही. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळ्यासारखा वाजतो. हा आतून काळ्या मलईने गच्च झालेला. इंजिनच्या आत जो वायू कोंडतो तो या व्हॉल्व्हमधून ओढून परत जाळला जातो. तो बंद पडला की आत दाब वाढतो आणि दाब जिथे रबर कच्चं तिथून तेल बाहेर ढकलतो. आणि मलई का जमली? घर ते शाळा तीन किलोमीटर, रोज. इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ उडत नाही, तेलात मिसळून गाळ होतो. हे ऐकून मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

म्हणून साध्या रिंगांना घातलेल्या शिव्या अर्ध्या मागे घेतो. साध्या रिंगा वाईट होत्याच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आत दाब असताना जिन्युइनसुद्धा गळल्या असत्या, कदाचित आठ महिन्यांनी. तरी काढलेल्या साध्या रिंगा मी जपून ठेवल्या आहेत. चारच महिन्यांत त्या चपट्या होऊन नळीचा आकार धरून बसल्या आहेत, नखाने दाबलं तर उसळत नाहीत. जिन्युइन दाबली की उसळते. एवढा फरक डोळ्यांना दिसतो.

दुसऱ्या फेरीला जिन्युइन घेतलं, त्याचा हिशेब: चार रिंगा ६६०, पॅकिंग ९५०, पीसीव्ही २४०, मजुरी ४००, एकूण २,२५०. पहिल्या फेरीचे ८२०, वायर १,४००, दोन गोट्या ५००. सगळे मिळून ४,९७०. पहिल्याच दिवशी नीट केलं असतं तर ३,६५० मध्ये भागलं असतं. १,३२० रुपयांचा काटकसरीचा दंड. वर्कशॉपचे ४५० यात धरलेले नाहीत, ते वेगळ्या खात्यावर आहेत.

आता मार्च. सहा महिने झाले, चारही विहिरी कोरड्या. तपासायची माझी पद्धत: वहीच्या कागदाची पट्टी गुंडाळून तळापर्यंत सोडायची आणि उजेडात धरायची. प्लग काढायचा असेल तर इंजिन गार असतानाच, कारण अॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला तर आटे निघू शकतात. अॅव्हरेज साडेअकरावरून साडेतेरावर आलंय, आणि दर रविवारी मी गाडी पारोळ्यापर्यंत नेऊन आणतो, इंजिन तापावं म्हणून. घरचे याला निमित्त म्हणतात. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, परत कन्नडच्या घाटात.

ज्यांच्या गाडीत नळीच्या खालच्या बाजूलाही ओ-रिंग असते, त्यांनी कव्हर खोलतानाच ती विचारून घ्या. काही इंजिनांत ती रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) जोडणीखाली दडलेली असते आणि तिची मजुरी वेगळी लागते. माझ्या गाडीला नव्हती, वाचलो.

चुंबकाची गोटी सप्टेंबरपासून मिस्तरीकडेच आहे. मागायला गेलो की चहा पाजतो, गोटीचं नाव काढत नाही. मी सध्या तीच १८० वाली वापरतोय, बाही काढून.