इम्रान खानच्या जुन्या मॅचेसचा डीव्हीडी सेट : दुसऱ्या डिस्कसाठी तरी घ्याच

चार डिस्कचा सेट आहे, शनिवार-रविवार बाबांबरोबर बसून बघून काढला. इम्रानच्या विकेटचे तुकडे आपण सगळ्यांनीच मोबाईलवर बघितलेत, पण यात पूर्ण स्पेल, म्हणजे त्याने सलग टाकलेल्या ओव्हर, आहेत आणि खरी मजा तिथेच आहे, कारण दांडी उडालेली एका सेकंदात दिसते, पण त्याआधी तीन-चार ओव्हर त्या बॅट्समनला त्याने कसं बांधून ठेवलं होतं ते कळायला सलग बघावं लागतं.

सगळ्यात भारी दुसरी डिस्क. डिसेंबर 1982, कराची टेस्ट, आपला दुसरा डाव. 1 बाद 102 वरून बघता बघता 7 बाद 114! जुना बॉल, लांबून धावत येणं, क्रीजपाशी ती उंच उडी, आणि विश्वनाथ बाहेरचा बॉल समजून बॅट वर घेऊन सोडून देतो तर तो हवेतच असा काही आत वळतो की थेट स्टंपवर. हा बॉल मी सहा वेळा मागे नेऊन बघितला. बाबांनी ती मॅच रेडिओवर ऐकलेली, ते म्हणाले, "अरे, आम्ही इतकी वर्षं विशीलाच (विश्वनाथलाच) दोष देत होतो." त्या डावात इम्रानच्या 60 रनमध्ये 8 विकेट, सहा टेस्टच्या अख्ख्या सिरीजमध्ये 40.

फैसलाबादला याच सिरीजमध्ये एकाच टेस्टमध्ये सेंच्युरी आणि 11 विकेट, पण सेंच्युरीला इथे जेमतेम पाच मिनिटं दिलीत, हे अजिबात पटलं नाही. 362 टेस्ट विकेटसोबत 3807 रन केलेत त्या माणसाने, नुसता बॉलर म्हणून कसं दाखवता? नंतर नडगीचं हाड दुखावलं, 1983 चा वर्ल्ड कप तो फक्त बॅट्समन म्हणून खेळला, तो काळ तर पूर्णच गाळलाय, एकदम शारजा 1985 येतं. तिथे 14 रनमध्ये 6 विकेट घेऊन आपल्याला 125 मध्ये गुंडाळलं आणि तरी पाकिस्तान 87 वर ऑलआउट, ती मॅच मात्र छान दाखवलीय.

1988 ची गयाना टेस्ट नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. रिटायर होऊन परत आला आणि वेस्ट इंडिजला त्यांच्या घरात 11 विकेट घेऊन हरवलं, ती नाही म्हणजे काय!

चौथी डिस्क मेलबर्नच्या 1992 फायनलची, त्याच्या 72 रनच्या मध्येच अडकायला लागली. दुकानदाराने आठ दिवसांत बदलून दिली पण कुरियरचे पैसे मलाच भरायला लावले, हे चुकीचं आहे. प्रिंट जुनी आहे, आवाज मधेमधे जातो, तेवढं चालतं. दुसरी डिस्क बाबांनी त्यांच्या कपाटात ठेवलीय, मागितली तर म्हणतात आधी माझं बघून होऊ दे.