मळा, कार्यालय की वाइनरी: ढकललेलं लग्न हिवाळ्यात उरकताना

एकदा पुढे गेलेलं लग्न पुन्हा ठरवताना ताटाचा दर, सजावट, फोटो हे सगळं नंतर बघा. आधी एकच विचारा: तारीख परत सरकली तर आमच्या पैशांचं काय? पन्नास-साठ माणसांचं लग्न नाशकात करायचं तर साधारण तीन वाटा समोर येतात. गंगापूर धरणाच्या बाजूची वाइनरी किंवा रिसॉर्ट, गावातलं लहान मंगल कार्यालय, नाहीतर नात्यातल्या कुणाचा मळा. या एका प्रश्नाची तिघांकडची उत्तरं इतकी वेगळी येतात की माझ्या मते अर्धी निवड तिथेच होऊन जाते.

रिसॉर्टवाल्यांचं उत्तर बहुधा सर्वांत कडक असतं. त्यांना तुमच्यासाठी खोल्या अडवून ठेवाव्या लागतात आणि नाताळपासून एक जानेवारीपर्यंत त्याच खोल्यांना मुंबईची गिऱ्हाइकं रांगेत उभी असतात. आगाऊ रक्कम परत देणारे थोडेच. दुसऱ्या तारखेला वळती करून देणारे भेटतात, पण ‘याच हंगामात’ अशी बारीक अट असते. ती तोंडी ऐकून घेऊ नका, पावतीवर लिहून घ्या. किमान ताटं किती हेही त्याच वेळी विचारा, नाहीतर साठ माणसं जेवतील आणि पैसे दीडशेंचे जातील.

तरीही वाइनरीचा मोह मला समजतो. द्राक्षबाग बघायची तर हिवाळ्यातच. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तेव्हा वेली अगदी बोडक्या असतात. घडांसाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि डिसेंबरपर्यंत वेलींचा मांडव हिरवा होऊन घड लटकू लागतात. जानेवारी ते मार्च काढणी. म्हणजे डिसेंबरात बाग हिरवी मिळते, फेब्रुवारीत घड भरलेले, पण तेव्हा शनिवार-रविवारी पर्यटकांचीही झुंबड उडते. तुमची मंगलाष्टकं आणि शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस एकाच वेळी चालू, हे चालणार असेल तर हरकत नाही. घरातल्या आजीला ‘वाइनरीत लग्न’ हा शब्दप्रयोग पचतोय का, तेही आधी पाहा. काही घरांत वाद जागेवरून होतच नाही, पत्रिकेत पत्ता काय छापायचा यावरून होतो.

कार्यालयाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुहूर्ताच्या दिवशी ते भरलेलंच असतं आणि माणसं साठ असोत की सहाशे, भाडं बहुधा पूर्ण दिवसाचंच. मोठ्या हॉलमध्ये साठ माणसं हरवल्यासारखी दिसतात, म्हणून वरच्या मजल्यावरचा छोटा हॉल मिळतो का विचारा. आचारी, भांडी, गुरुजी, गिझर सगळं एका छताखाली, ही त्याची खरी बाजू. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात घेणार असाल तर गाड्या कुठे लावायच्या ते आधी ठरवा.

आता मळा. तारीख सरकली तर इथे मांडववाला, आचारी आणि गुरुजी एवढ्यांनाच फोन करायचा. जागेचं भाडंच नसल्यामुळे बुडायला फारसं काही नाही. पण मळा फुकट मिळतो म्हणून स्वस्त पडतो, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. फिरती स्वच्छतागृहं, जनरेटर, गाद्या-रजया, पाण्याचा टँकर हे धरून हिशेब करा. त्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस. ज्या बायका एरवी पोळ्या लाटायला आल्या असत्या त्या वाफ्यात वाकलेल्या असतात, तेव्हा ‘गावातून माणसं मिळतील’ यावर विसंबू नका. शेजारी द्राक्षबाग असेल तर दव पडल्यावर डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या भीतीने फवारणी कधीही निघते. मालकाशी बोलून तेवढी एक सकाळ मोकळी ठेवून घ्या. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे उसाच्या भागात मळा असेल तर अंधार पडल्यावर पाहुण्यांना गाडीपर्यंत एकट्याने चालत पाठवू नये. बिबट्याची गोष्ट तिकडे गंमत म्हणून सांगत नाहीत.

थंडी मात्र तिन्ही ठिकाणी सारखी नाही, आणि हा मुद्दा लोक सर्वांत हलक्यात घेतात. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर आणखी खाली. धरणाच्या काठी वारं वेगळं. गोरज मुहूर्त फोटोत देखणा दिसतो, पण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उघड्या लॉनवर जेवणाची पंगत बसेपर्यंत मठ्ठ्याला कुणी हात लावत नाही. होमासमोर बसलेला नवरदेव, अंगावर नुसतं उपरणं असूनही, तेवढा उबेत असतो. म्हणून मळा किंवा रिसॉर्ट घेणार असाल तर दुपारचा मुहूर्त धरा. बारा-साडेबाराला अक्षता, लगेच पंगत, उन्हं आहेत तोवर पाहुणे वाटेला लागलेले. कसारा घाट उतरणाऱ्यांनाही ते बरं. संध्याकाळचंच हवं असेल तर कार्यालय घ्या, भिंती असतात. हळद कुठेही असो, त्यानंतर दहा-बारा जणांना आंघोळीला गरम पाणी लागतं, तेव्हा गिझर मोजा.

मळ्यात जेवणाचा बेत जागेप्रमाणे बदलता येतो, हा मला तरी मोठा फायदा वाटतो. सकाळी मिसळ, दुपारी मसालेभात-जिलेबी ठीकच, पण आचारी खानदेशाकडचा मिळाला तर खापरावरचे मांडे आणि वांग्याचं भरीत ठेवा. साठ माणसांनाच हे जमतं. सहाशेंना कुणी मांडे करून घालत नाही.

अजून एक हिवाळा थांबावं का, असं काही जण विचारतात. पौषात लग्न टाळायचं की नाही हे घराघरावर आहे, पण नाशकात सिंहस्थही येतो. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि गुरू सिंह राशीत असताना लग्न नको असं मानणारी घरं अजून आहेत. खोल्या आणि रस्ते यांचंही गणित त्या काळात वेगळं असणार. पुढे ढकलण्याआधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून घ्या.

विधी थोडक्यात हवे असतील तर नोंदणी विवाह यातल्या कुठल्याही वाटेला जोडता येतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात त्याआधी किमान ३० दिवस वास्तव्य लागतं आणि साक्षीदार तीन. जास्तीचं शुल्क भरून विवाह अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावर बोलावता येतं, म्हणजे सह्या मळ्यातही होऊ शकतात. फक्त नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते. तारीख पुन्हा हलण्याची जराही शक्यता असेल तर नोटीस फार आधी देऊन ठेवू नका.

माझं मत विचाराल तर दुपारचा मुहूर्त आणि मळा. घरात हे सगळं अंगावर घेणारं, रात्री दोनला जनरेटरवाल्याला फोन करणारं एकही माणूस नसेल, तर मात्र मुकाट्याने कार्यालय.