मोबाइलवरील आपत्कालीन इशारा सेवा: आवाज चोख, मजकूर तोकडा

केंद्रीय दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांच्या सेल ब्रॉडकास्ट सेवेचा विचार आपण एरवी पूर-अतिवृष्टीपुरताच करतो. मात्र ७ मे २०२५ च्या ‘ऑपरेशन अभ्यास’ या देशव्यापी नागरी संरक्षण सरावाच्या यादीत उरण आणि ठाणे ही नावे झळकल्यापासून तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहणे भाग आहे. नवी मुंबईसमोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अलीकडे न्हावाशेवा बंदर असताना, अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचा इशारा आपल्याला कसा मिळेल, हा प्रश्न वाशी-ऐरोलीकरांना पडणे अवाजवी नाही.

इशारा पोहोचवण्यात ही सेवा उत्तम आहे. एसएमएस एकेका क्रमांकावर जातो आणि ताण वाढला की तुंबतो. हा संदेश टॉवरच्या टापूतील फोनवर एकाच वेळी प्रसारित होतो, त्याला क्रमांकही लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. २०२३ च्या चाचणीच्या वेळी ठाणे-वाशी लोकलमध्ये एकामागून एक फोन कर्कश वाजू लागले. समोरच्या गृहस्थांनी आपला फोन घाईघाईने पिशवीत कोंबला, तरी तो वाजतच राहिला.

मजकुराबाबत मात्र माझे मत इतके चांगले नाही. हा नमुना संदेश असून त्याकडे दुर्लक्ष करावे, असे त्यात लिहिले होते. चाचणीपुरते ते योग्यच होते, परंतु खऱ्या प्रसंगी काय करावे याचा सराव त्यातून झाला नाही. क्षेपणास्त्राच्या बाबतीत हाती मोजकी मिनिटेच असतात, त्यामुळे इशाऱ्यातच कृती सांगितलेली हवी: पक्क्या इमारतीत शिरा, खिडक्यांपासून दूर मध्यभागी किंवा तळघरात थांबा, स्फोटाच्या लखलखाटाकडे पाहू नका, किमान २४ तास बाहेर पडू नका. स्फोटानंतर पहिल्या तासाला असलेली धुळीतील किरणोत्साराची तीव्रता सात तासांनी साधारण एक दशांशावर येते, म्हणून आत थांबण्याला एवढे मोल आहे. टॉवरमध्ये राहणाऱ्याला मधल्या मजल्यावरची लिफ्टजवळची जागा सापडेल. दिघ्यातील पत्र्याच्या घरात राहणाऱ्याने कोणत्या इमारतीत जायचे, हे महापालिकेने आधीच ठरवून जाहीर करायला हवे.

इशारा मागे घेण्याची सोयही तितकीच चोख हवी. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाईमध्ये क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा संदेश फोनवर गेला आणि तो खोटा असल्याचा दुसरा संदेश यायला ३८ मिनिटे लागली. यंत्रणेने पहिला संदेश बिनचूक पोहोचवला होता, हे विशेष. आपल्याकडे सायरनचा चढउताराचा सूर म्हणजे धोका आणि सलग एकच सूर म्हणजे धोका टळला, असा संकेत आहे. पण औद्योगिक पट्ट्यातील भोंग्यांना सरावलेल्या कानांना हा फरक कोणीतरी ऐकवून दाखवायला हवा.

पाचपैकी तीन गुण. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे सुरू आहेत का, हे घरातील ज्येष्ठांच्या फोनवरही तपासावे, आणि प्राधिकरणाचे ‘सचेत’ अ‍ॅप सोबत ठेवावे. पावसाळ्यात तरी ते नक्कीच उपयोगी पडते.